दारू सुटल्यानंतर: आधारगटाची बैठक कशी शोधावी, तिथे काय होते?

दारू सोडणे आणि ती सुटलेली ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम रुग्णालयात काही दिवसांत होते. दुसरे मात्र घरी परतल्यावर, जुने मित्र, पगाराचा दिवस, पोळा आणि लग्नसराई यांच्यामध्ये राहून करावे लागते. बरेच रुग्ण इथेच पुन्हा घसरतात. आधारगट या दुसऱ्या कामासाठी असतो.

आधी डॉक्टर, मग बैठक

रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी अचानक दारू बंद करू नये. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, उलट्या, झोप न लागणे असा त्रास सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास होणे, बरळणे, माणसे न ओळखणे ही लक्षणे दिसली तर जिवाला धोका असतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. उमरेडहून नागपूर सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. तेथील मेडिकल, मेयो आणि एम्स येथील मनोविकार विभागात यावर उपचार होतात.

आधारगट म्हणजे काय?

सर्वांत परिचित गट म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, थोडक्यात एए. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी तो सुरू केला. फी नाही, नोंदणी अर्ज नाही. सदस्य होण्याची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. बैठकीत ‘ईश्वर’ हा शब्द ऐकू येतो, पण गट कोणत्याही धर्माचा नाही; ज्याने त्याने त्याचा आपापला अर्थ घ्यावा.

उपयोग होतो का? २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यासांतील १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासली गेली. एएशी पद्धतशीर जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षभराने सुमारे ४२ टक्के लोक दारूपासून पूर्ण दूर होते. इतर मान्यताप्राप्त उपचारांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. म्हणजे हा रामबाण उपाय नाही, पण फुकट मिळणारी आणि वर्षानुवर्षे टिकणारी मदत नक्की आहे.

बैठक कशी शोधावी?

- उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना विचारा. व्यसनमुक्ती केंद्रांना जवळच्या गटांची माहिती असते.
- राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ वर फोन करा. मन फार खचले असेल तर टेली-मानस १४४१६.
- एए इंडियाच्या अधिकृत संकेतस्थळावर गावनिहाय बैठका पाहा. निघण्यापूर्वी फोन करून जागा आणि वेळ पक्की करा.
- खाणीत पाळीची ड्यूटी असेल किंवा रोज नागपूरला जाणे जमत नसेल, तर ऑनलाइन बैठकीला बसा आणि सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष जा.

‘गावात सगळे ओळखतात, कोणी पाहिले तर?’ ही उमरेडसारख्या गावातली खरी अडचण आहे. बैठकीत फक्त पहिले नाव सांगतात आणि तिथले बोलणे बाहेर न्यायचे नाही असा दंडक असतो. तरीही संकोच वाटत असेल तर सुरुवात नागपूरच्या गटातून करायला हरकत नाही.

पहिल्या दिवशी काय होते?

बैठक साधारण तास-दीड तास चालते. एकेक जण स्वतःचा अनुभव सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, उपदेश करत नाही. तुम्ही नुसते ऐकले तरी चालते. शेवटी खर्चासाठी ऐच्छिक वर्गणी गोळा होते; नवख्याने ती दिली नाही तरी कोणी काही म्हणत नाही. खुल्या बैठकीला नातेवाईकही येऊ शकतात, बंद बैठक फक्त मद्यपींसाठी असते.

एका बैठकीवरून मत बनवू नका. चार-सहा बैठकांना जा. जमले नाही तर दुसरा गट पाहा. निघताना एक-दोन जुन्या सदस्यांचे फोन नंबर घ्या. प्यायची तल्लफ येईल तेव्हा पेल्याआधी फोन उचलायचा आहे.

घरच्यांसाठी

- नातेवाईकांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट आहे, १९५१ पासून. रुग्ण बैठकीला जायला तयार नसला तरी तुम्ही जाऊ शकता.
- दारू सोडवण्याची गोळी न सांगता जेवणात मिसळू नका. त्यावर रुग्ण प्यायला तर रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो.
- गटातील कोणाच्या सांगण्यावरून डॉक्टरांची औषधे बंद करू नका.
- बैठकीला सोडायला जा, पण आत काय बोलला याची उलटतपासणी घेऊ नका.

पुन्हा प्यायला तर?

पुन्हा पिणे हे या आजारात वारंवार दिसते. त्यामुळे आधीचे मद्यमुक्त दिवस वाया जात नाहीत. लाजेने बैठक टाळणे हेच जास्त नुकसानीचे ठरते. पिणे पुन्हा रोजचे झाले असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. एखाद-दुसऱ्या वेळेला घसरण झाली असेल तर लगेच पुढच्या बैठकीला जाऊन बसा.