‘जागा असल्यास’ : ठाणे-कल्याण मार्गावरचे जुने रेल्वे-नियम

ठाण्याला आगगाडी आली त्या दिवसाची हकीकत आपल्याला शाळेपासून पाठ असते. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर, चौदा डबे, चारशे निमंत्रित, एकवीस तोफांची सलामी आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिने. या हकिकतीतील उतारू पाहुणे होते. तिकिटाची पेठ उघडली ती दोन दिवसांनी, जेव्हा गाडी सर्वांसाठी धावू लागली. सोहळ्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आम्हांला येथे त्या साध्या तिकिटाचा विचार करावयाचा आहे, कारण तिकीट हा एक करार होता आणि तो करार कोणी कोणाशी, कोणत्या अटींवर केला हे आपल्या आजोबा-पणजोबांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते.

१ मे १८५४ रोजी खाडी ओलांडून आणि पारसिकच्या डोंगराला वळसा घालीत लोहमार्ग कल्याणला पोहोचला. त्याच वर्षी सरकारने रेल्वेसंबंधीचा अठरावा कायदा केला. म्हणजे गाडी आधी आली आणि कायदा मागून. मराठी वाचकाचेही कौतुक करावयास हवे, कारण कृष्णशास्त्री भाटवडेकरांचे लोखंडी रस्त्यांवरील पुस्तक त्याच १८५४ सालचे आहे. तिसऱ्या वर्गाचे भाडे आरंभी दर मैली तीन पै होते. ठाण्याच्या एकवीस मैलांस सव्वापाच आणे आणि कल्याणच्या तेहतीस मैलांस सव्वाआठ आणे पडत. ही रक्कम मजुराला हलकी नव्हती, तरी लोक आले आणि येतच राहिले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा डबा पहिल्या वर्गाच्या साहेबांनी नव्हे, तर या तीन पैवाल्यांनी भरला.

१८५४ नंतर १८७९ चा कायदा आला आणि त्याच्या जागी १८९० चा नववा कायदा आला. तो अनेक दुरुस्त्या होत जवळजवळ शंभर वर्षे टिकला. कंपनीशी झालेला आपला करार पाहावयाचा तर याच कायद्यात पाहावा लागतो. त्यात एक कलम आम्हांला फार बोलके वाटते. तिकिटावर वर्ग, कोठून कोठे जावयाचे ती स्थानके आणि भाडे छापलेच पाहिजे. सर्वांत खालच्या वर्गाचे तिकीट त्या मुलुखाच्या मुख्य देशी भाषेत असावे आणि इतर वर्गांचे इंग्रजीत, असे ते सांगते. वर्ग आणि भाषा यांची जोडी कायद्यानेच लावून दिली होती. ज्याला इंग्रजी येते तो वरच्या वर्गाने जाणार, हे गृहीतच! तरी न्यायाने बोलावयाचे तर या कलमाचा गुणही मान्य केला पाहिजे. ज्याला थोडेबहुत वाचता येई त्याला आपण किती पैसे दिले, हे आपल्या लिपीत तपासता येत होते.

मात्र तिकीट हाती आले म्हणजे जागा मिळाली, असे नव्हते. सदुसष्टावे कलम म्हणते की भाडे घेतले गेले ते ‘गाडीत जागा असल्यास’ या अटीवर. जागा नसेल तर गाडी सुटल्यापासून तीन तासांच्या आत तिकीट परत करावे आणि पैसे घ्यावेत. कल्याणच्या फलाटावर बोचकी, पोरे आणि म्हातारी आई यांच्यासह उभा असलेला, पुण्याकडे निघालेला शेतकरी डोळ्यांपुढे आणावा. गाडी गेली. आता खिडकीशी जाऊन, रांग मोडून, तीन तासांच्या आत त्याने कायदा सांगावयाचा!

त्रेसष्टाव्या कलमाप्रमाणे प्रत्येक कप्प्यात किती उतारू बसावेत हे ठरवून तो आकडा इंग्रजीत किंवा देशी भाषेत किंवा दोन्हींत लावून ठेवणे कंपनीवर बंधनकारक होते. भरलेल्या कप्प्यात एखाद्या रेल्वे नोकराने उतारूला जबरदस्तीने चढावयास लावले तर त्या नोकराला वीस रुपयांपर्यंत दंड होता. आमच्या मते सारी मेख या ‘जबरदस्ती’त आहे. कोणावर जबरदस्ती करावी लागतच नव्हती. गाडी एकच, काम तातडीचे आणि पुढची गाडी कित्येक तासांनी. मग माणूस आपल्या पायांनी चढतो. उलट, भरलेल्या कप्प्यात शिरून उतरण्यास नकार देणारा उतारूही दंडास पात्र ठरे. १९१७ च्या सप्टेंबरात गांधीजी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने गेले. मद्रासचा हा मार्ग आपल्या कल्याणवरूनच बोरघाटाकडे वळतो. त्यांच्या डब्यावर बाविसांचा आकडा होता आणि रात्रीचा बराचसा वेळ आत पस्तीसच्या आसपास माणसे होती, हे त्यांनीच त्या महिन्यात वृत्तपत्रांना लिहून कळविले.

बायकांच्या डब्याचे कलमही याच कायद्यातले. १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक उतारू गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा स्त्रियांसाठी राखून ठेवावा, आणि गाडी पन्नास मैलांहून अधिक जाणार असेल तर त्या कप्प्याला शौचकूप असावा. शौचकुपाची गोष्ट निघाली की बंगालमधील ओखिलचंद्र सेन यांच्या १९०९ च्या मजेदार पत्राची आठवण हटकून काढली जाते. पण हे कलम त्या पत्राच्या कितीतरी आधीचे आहे. आपल्या भागापुरते या पन्नास मैलांचे गणित पाहा. ठाणे एकवीस, कल्याण तेहतीस. कर्जत आणि कसारा तेवढे पन्नासाच्या पलीकडे. तेव्हा मुंबईहून कल्याणपर्यंतच धावणाऱ्या गाडीत ही सोय करण्याचे बंधन कायद्याने कधीच नव्हते. १८८७ साली स्थानक झालेल्या डोंबिवलीची तर गोष्टच नको. लोकलच्या डब्यात ती सोय आजही नाही, आणि कसाऱ्याहून निघालेली गरोदर बाई अडीच तास कशी बसते हे घरोघरी माहीत आहे.

मालाचे नियम याहून बारकाईने लिहिलेले होते. माल पाठविणाऱ्याने त्याचे खरे वर्णन लेखी द्यावे. खोटे दिल्यास दर मणामागे दहा रुपयांपर्यंत दंड. सोने, मोती, रेशीम, शाली असा शंभर रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज असेल तर किंमत आधी जाहीर करून जादा आकार भरावा, नाहीतर हरवल्यास कंपनी जबाबदार नाही. नुकसानीची मागणी माल सोपविल्यापासून सहा महिन्यांच्या आत लेखी करावी. जनावरांच्या भरपाईच्याही मर्यादा ठरलेल्या होत्या. हत्तीसाठी पाचशे रुपये आणि शेळी-मेंढीसाठी दहा. अधिक हवे असतील तर किंमत जाहीर करून जादा पैसे भरावयाचे.

कल्याण, भिवंडी या भागांतून भात, गवत, लाकूड, मीठ असा जो माल जाई, त्याच्या व्यापाऱ्याला खरी भीती होती ती रिस्क नोटीची. कमी दराने माल पाठवावयाचा तर मालकाच्या जोखमीवर, आणि त्यासाठी ‘ब’ नमुन्याच्या कागदावर सही किंवा अंगठा. त्यातील अट अशी की अख्खी रवानगी किंवा एखादे अख्खे पोते नाहीसे झाले, आणि तेही रेल्वेच्या जाणूनबुजून केलेल्या हयगयीमुळे किंवा तिच्या नोकरांच्या चोरीमुळे, तरच भरपाई. पोत्याला भोक पाडून निम्मे धान्य काढून घेतले तर पोते पोहोचले असेच धरावयाचे. शिवाय हयगय शाबीत करावयाची कोणी? तर मालकाने, जो त्या वेळी शंभर मैल दूर आपल्या पेढीवर बसलेला असे! देशभर ओरड झाली. ॲक्वर्थ समितीपुढे १९२०-२१ मध्ये गाऱ्हाणी गेली, निराळी समिती बसली, आणि १९२४ मध्ये हे नमुने बदलले. पुढच्याच वर्षी, १ जुलै १९२५ ला, जी.आय.पी. सरकारच्या ताब्यात गेली. व्यापाऱ्याची ओरड ऐकली गेली, कारण त्याच्यापाशी वकील होता आणि मंडळी होती. तिसऱ्या वर्गाच्या उताऱ्याची ओरड तितकीच जुनी होती.

कल्याणच्या नावाशी आणखी एक नियम जोडलेला आहे, आणि तो विसरला जाऊ नये. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या आपल्याच समाजातील गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला. सांसर्गिक रोग झालेल्या माणसाला गाडीत घेण्यास नकार देण्याचा अधिकार रेल्वेला १८९० पासूनच होता. फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने रेल्वेच्या उतारूंची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. कल्याणला ईशान्येची आणि आग्नेयेची वाट फुटते. नाशिककडे जाणारा असो की पुण्याकडे, मुंबईहून पळालेल्या प्रत्येकाला ही एकच चाळण ओलांडावी लागे. म्हणून तपासणीचे मोठे ठाणे येथे बसले. काख आणि जांघ चाचपून गाठ आहे का ते पाहावयाचे, अशी ती तपासणी. रोगाची भीती खरी होती आणि डॉक्टरांचे कष्टही खरे होते. परंतु परक्यापुढे पदर न ढळू देणाऱ्या बाईला फलाटावर काय वाटले असेल, हे कोणत्याही अहवालाच्या रकान्यात लिहिलेले नाही.

येथे आपल्या समाजाविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. मे १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, साष्टी-ठाण्याच्या ख्रिस्ती मंडळींनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. त्यामागे सरकारी नोकऱ्यांतील चढाओढीचे कारण होते, हे सर्वश्रुत आहे. रेल्वेतही आपली माणसे गेली. बुकिंगच्या खिडकीमागे, पार्सल ऑफिसात, गार्डाच्या डब्यात. खिडकीच्या या बाजूला मात्र आपलेच भाऊबंद कोळी, आगरी, भात पिकविणारे, अंगठा उठविणारे उभे होते. त्या काळी काही गाड्यांत तिसऱ्या वर्गाचे कप्पे ‘युरोपियन व अँग्लो-इंडियन’ यांच्यासाठी राखलेले असत. ओळख पटवावयाची कशावरून? व्यवहारात ती पोशाखावरून पटविली जाई. कोट आणि हॅट घातलेला देशी ख्रिस्ती त्या कप्प्यात बसून जाऊ शके आणि त्याचा लंगोटीतला चुलता शेजारच्या गर्दीत उभा राही. भाडे दोघांचे सारखेच. ही गोष्ट आम्ही कोणाला दूषण देण्यासाठी लिहीत नाही. हॅट घालणाऱ्याचे वंशज आम्ही आहोत आणि लंगोटीवाल्याचेही.

१८९० चा कायदा १ जुलै १९९० रोजी रद्द होऊन त्याच्या जागी १९८९ चा चोविसावा कायदा अमलात आला. प्रत्येक कप्प्यात किती उतारू असावेत ते ठरवून तो आकडा लावण्याचे कलम नव्या कायद्यातही आहे. त्याचा क्रमांक आता सत्तावन्न. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जात असता दारांत लोंबकळणारे उतारू खाली फेकले गेले आणि त्या दिवशी त्यांतील चौघांचा मृत्यू झाला. पारसिकच्या डोंगराला वळसा घालून १८५४ च्या मे महिन्यात पहिली गाडी कल्याणला गेली, ती याच बाजूने. त्या सकाळीही त्यांना चढावयास कोणी जबरदस्ती केली नव्हती.