खडा, शस्त्र आणि पाणी



स्मृतिव्याख्यानासाठी मुतखड्यासारखा विषय निवडल्याचे काहींना नवल वाटेल. साम्राज्यांचा इतिहास आपण हौसेने ऐकतो. शरीराच्या यातनांचा इतिहास मात्र संकोचापोटी दवाखान्याच्या पडद्याआड राहतो. मूत्रविकारांच्या बाबतीत हा संकोच फार महाग पडतो, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

प्रारंभ सुश्रुतसंहितेपासून करू. तिच्या निदानस्थानात ‘अश्मरी’चे चार प्रकार सांगितले असून चिकित्सास्थानात मूत्राशयातील खडा काढण्याचा विधी आला आहे. सेवनीच्या डावीकडे जवभर अंतर सोडून छेद द्यावा आणि खड्याचा चुरासुद्धा आत राहू देऊ नये, कारण तो पुन्हा वाढतो, अशी तेथे सूचना आहे. त्याहूनही लक्षणीय आहे ती आचार्यांची सावधगिरी. आधी औषधे द्यावीत. शस्त्र न चालविल्यास मृत्यू निश्चित आणि चालविल्यास जीविताचा संशय, अशा अवस्थेतच राजाची अनुमती घेऊन हात घालावा, असे ते बजावतात. ग्रीक परंपरेतही हिपोक्रेटिसच्या नावे असलेल्या शपथेत वैद्य खड्यासाठी छेद न घेण्याची प्रतिज्ञा करतो. हे काम त्यात निष्णात असलेल्यांवरच सोपविलेले होते.

ही भीती शतकानुशतके टिकली. १८७८ साली अमेरिकेत बॉस्टनच्या हेन्री बिगेलो यांनी मूत्रमार्गातूनच उपकरण नेऊन खडा चिरडावयाचा आणि चुरा त्याच बैठकीत धुऊन काढावयाचा, ही पद्धत प्रस्थापित केली. लहान मुलांच्या अरुंद मूत्रमार्गात ती चालणार नाही, असा सार्वत्रिक समज होता. तो दूर करण्यात होळकरांच्या इंदुरातील शल्यचिकित्सक डी. एफ. कीगन यांचा मोठा वाटा आहे. १८८० च्या दशकात त्यांनी मुलग्यांवर ही क्रिया यशस्वीपणे करून दाखविली.

परंतु इतक्या मुलांना खडे होत तरी का? या प्रश्नाचा माग रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निलगिरीतील कुन्नूरच्या प्रयोगशाळेत घेतला. निकृष्ट, मुख्यतः पिठावर भागविलेला आणि ‘अ’ जीवनसत्त्व नसलेला आहार दिलेल्या उंदरांना खडे झाले. त्या आहारात दुधाची भर घालताच ते टळले. मूत्राशयातील खड्याचे मूळ गरिबाच्या ताटात होते. आहार सुधारला तसा मुलांमधील हा विकार बहुतेक देशांतून ओसरला. त्याची जागा प्रौढांच्या मूत्रपिंडातील खड्याने घेतली. उष्ण हवा, अपुरे पाणी आणि जेवणातील जादा मीठ ही त्याची काही कारणे होत.

जंतुसंसर्ग हे खड्याचेच भावंड म्हणावे लागेल. १८८५ साली थिओडोर एशरिश यांनी आतड्यातील ज्या जंतूचे वर्णन केले, तोच मूत्रमार्गाच्या बहुतेक संसर्गांना कारण ठरतो. आपल्या घरांत ज्याला ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात, त्यामागे पुष्कळदा हा जंतू असतो. काही दुसरे जंतू मूत्रातील युरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करतात. मूत्र अल्कधर्मी होते आणि त्यातून मूत्रपिंड व्यापणारे शाखायुक्त खडे बनतात. खडा मूत्र अडवितो, अडलेल्या मूत्रात जंतू वाढतात. म्हणून कंबरेच्या कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, तर तास न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे.

आमच्या आज्या कुळथाचे कढण देत. कुळीथ आयुर्वेदासही संमत आहे. तथापि बारीक खडे बहुधा आपोआप पडतात, आणि कढणाच्या यशात पोटात गेलेल्या पाण्याचा वाटाही असावा. पाण्याचे महत्त्व तर आता सप्रमाण सिद्ध आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी पाच वर्षांत सुमारे १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, तर इतरांपैकी २७ टक्क्यांना.

या आकड्यांकडे हुबळी-धारवाडकराने आपल्या गावाच्या इतिहासातून पाहावे. उणकल आणि केलगेरीचे तलाव, पुढे नीरसागर, त्यानंतर मलप्रभेचे पाणी, अशी आपल्या तहानेची कथा आहे. अनेक दिवसांनी एकदा नळ येणे हा येथील कित्येक घरांचा अनुभव. २००८ साली काही प्रभागांत अखंड पुरवठ्याचा प्रयोग झाला, तेव्हा त्याची वार्ता दूरवर गेली. जेथे घागर मोजून भरली जाते, तेथे घरातील बाई सर्वांत शेवटी पाणी पिते.

१९५७ साली हुबळीत वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्यापूर्वी या भागातील पुष्कळ रुग्ण मिरजेच्या मिशन इस्पितळाची वाट धरीत. १९८० च्या फेब्रुवारीत म्युनिच येथे आघात-लहरींनी, शरीर न कापता, मूत्रपिंडातील खडा प्रथमच फोडण्यात आला. शस्त्राचे भय असे हळूहळू विरले. राजाच्या अनुमतीची गरज उरली नाही.

उरला आहे तो संकोच. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब, पुरुषांचा सुमारे वीस. साहजिकच संसर्ग स्त्रियांना अधिक होतो. आमच्या शालेय दिवसांत कित्येक मुली सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसत, कारण शाळेत जावे अशी मोरी नव्हती. पोटात दुखले की घरी सांगत, ‘काही नाही.’ त्या ‘काही नाही’ची किंमत पुढे किती जणींनी मोजली असेल, याची नोंद कोणत्याही इतिहासात नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. शाळेला देणगी देताना सभागृहाच्या कमानीआधी पिण्याच्या पाण्याचा आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचा विचार करावा. त्याचे दार आतून लागेल आणि नळाला पाणी असेल, एवढे पाहावे. ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, त्यांना याहून उचित आदरांजली मला सुचत नाही.

इत्यलम्.