एका शेतात दोन लायसन्स

जालना जिल्ह्यात खरिपात एकाच शेतात दोन लायसन्स शेजारीशेजारी उगवतात. एका तुकड्यात कपाशी असते. तिचं बियाणं दर जूनला कृषी सेवा केंद्रातून पाकिटात विकत आणायचं, कारण गेल्या वर्षीची सरकी पेरून उपयोग नसतो. पलीकडच्या तुकड्यात सोयाबीन असतं. त्यातलं चांगलं पोतं बाजूला काढून ठेवलं, तर पुढच्या वर्षी तेच पेरता येतं, शेजाऱ्याला उसनंही देता येतं. शेतकरी याला लायसन्स म्हणत नाही. ‘विकतचं’ आणि ‘घरचं’ एवढे दोन शब्द त्याला पुरतात.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. आमच्या धंद्यातही सगळा वाद याच दोन शब्दांचा आहे, फक्त तो इंग्रजीत चालतो आणि त्यामुळे आपला वाटत नाही. फोनवर काय वापरायचं याबद्दल आपली मतं साधी असतात. फुकट मिळतंय ना, मग झालं. सगळे तेच वापरतात. अटी कोण वाचत बसतं? बियाण्याच्या बाबतीतही मतं अशीच होती. पण तिथे त्यांच्यावर कित्येक वर्षं भांडण झालं आणि त्यातून एक हक्क कायद्यात आला. फोन वापरणाऱ्याला तसा हक्क अजून मिळालेला नाही.

सुरुवात भेंडीपासून

जालन्याचं नाव बियाण्याच्या जगात गेलं ते बद्रीनारायण बारवाले यांच्यामुळे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी भेंडीचं बियाणं तयार करून विकायला सुरुवात केली. वाण होता ‘पुसा सावनी’. तो दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं, म्हणजे सरकारी पैशातून, काढलेला होता. भेंडीची पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला तो त्या काळी दाद देत नसे. १९६४ मध्ये बारवाल्यांनी ‘महिको’ कंपनी काढली. १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं.

पुसा सावनी हा सरळ वाण. त्याची शेंग झाडावर वाळू दिली की आतलं बी पुन्हा पेरता येतं आणि झाड साधारण तसंच येतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड पिकाबरोबरच मिळतो. असा खुला माल घेऊन, तो चांगला निवडून, स्वच्छ करून, खात्रीनं विकणं हाही धंदा होऊ शकतो, हे जालन्यात तेव्हाच दिसलं. पुढे लिनक्स विकणाऱ्या कंपन्यांनी वेगळं काही केलं नाही.

मग संकरित वाण आले. दोन वेगळ्या जातींच्या संकरातून येणारी पहिली पिढी जोमदार असते, जास्त पिकते. पण तिचं बी पेरलं तर दुसऱ्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत, उत्पन्न घटतं. म्हणून दर वर्षी नवं बियाणं घ्यावं लागतं. हे कुलूप कुणा कंपनीनं डाव रचून बसवलेलं नव्हतं. ज्वारीचा सीएसएच-१ हा संकरित वाण १९६४ मध्ये सरकारी संशोधनातूनच आला. कपाशीचा जगातला पहिला व्यापारी संकरित वाण, एच-४, १९७० मध्ये सुरतच्या सरकारी संशोधन केंद्रात तयार झाला. शेतकऱ्यांनी तो घेतला, कारण हिशोब जमत होता. कुलूप निसर्गाचं होतं. धंदा मात्र त्या कुलपावर उभा राहिला.

ज्याची कॉपी बिघडत नाही

सॉफ्टवेअरवाल्यांची अडचण नेमकी उलटी होती. प्रोग्रॅमची हजारावी कॉपीसुद्धा पहिल्यासारखीच असते. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना एक उघडं पत्र लिहिलं. तुम्ही आमचं बेसिक विकत न घेता एकमेकांना वाटता, मग चांगलं सॉफ्टवेअर लिहिणार कोण, असा त्याचा सूर होता. प्रश्न खोटा नव्हता. पण निसर्गानं दिलेलं कुलूप नसल्यामुळे ते बनवावं लागलं. कधी डाँगल, कधी सीडी-की. २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर अ‍ॅक्टिव्हेशन आलं. २०१३ मध्ये अडोबीनं फोटोशॉप नव्यानं विकणं थांबवून भाड्यानं देण्याची वाट धरली. भरणा थांबला की सॉफ्टवेअर थांबलं. दर जूनला नवं पाकीट घेण्याचीच ही पद्धत.

याच्या विरुद्ध बाजूनं रिचर्ड स्टॉलमन उभे राहिले. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. प्रोग्रॅम हवा तसा चालवता यावा, आतून वाचून बदलता यावा, त्याच्या प्रती वाटता याव्यात आणि बदललेली प्रतही वाटता यावी, अशी त्यांची मागणी होती.

मराठीला या कुलपाचा चटका चांगलाच बसला आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंगच्या प्रत्येक पॅकेजचं आपलं वेगळं सांकेतिक कोष्टक होतं. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की ‘जालना’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसायची. मजकूर लिहिणाऱ्याचा, भाषा सगळ्यांची, पण वाचण्याची किल्ली पॅकेजबरोबर. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. छापखाने आणि कार्यालयं तिकडे वळायला त्यानंतर कित्येक वर्षं गेली, कारण जुना सगळा मजकूर जुन्या कुलपात होता. आज मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’सारखा फॉन्ट कुणीही उतरवून घ्यावा, वापरावा, बदलावा. तो खुल्या लायसन्सचा आहे. घरचं बियाणं.

एकशेवीस ग्रॅमची पुडी

मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. पहिले तिन्ही वाण महिकोचे होते आणि त्यांतला जनुक मॉन्सँटोचा. तो संकरित वाणांतच घातला असल्यामुळे निसर्गाच्या कुलपावर रॉयल्टीचं दुसरं कुलूप बसलं. ४५० ग्रॅमचं पाकीट सुरुवातीला १,६०० रुपयांच्या आसपास होतं. त्यातला मोठा वाटा जनुकाच्या रॉयल्टीचा. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार एकाधिकार आयोगाकडे गेलं आणि भाव ७५० रुपयांवर आला. २०१६ मध्ये केंद्रानं बीजी-२ च्या पाकिटाचा भाव ८०० रुपये ठरवला, त्यात रॉयल्टी फक्त ४९.

बोंडअळी सुरुवातीला खरंच आटोक्यात आली, फवारण्या वाचल्या. म्हणून दहा-बारा वर्षांत देशातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कापसाचं क्षेत्र बीटीखाली गेलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण सगळे तिकडे गेल्यावर बिगर-बीटी सरकी दुकानात मिळेनाशी झाली. गावात सगळे एकाच मेसेजिंग अ‍ॅपवर असले की दुसरं अ‍ॅप टाकून बोलायचं कुणाशी, तसंच हे.

पाकिटात बरीच वर्षं १२० ग्रॅमची एक वेगळी पुडीही यायची. ती बिगर-बीटी सरकीची. शेताच्या कडेनं ती पेरायची, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील, त्यांचा संकर होत राहील आणि विषाला न जुमानणारी अळी लवकर तयार होणार नाही. सूचना पाकिटात छापलेली असे. पण दोन-तीन एकरवाल्यानं त्यातल्या कडेच्या ओळी अळीला का द्याव्यात? बहुतेकांनी पुडी पेरली नाही. ‘आय अ‍ॅग्री’ दाबून पुढे जातो तसंच. प्रत्येकाचा हिशोब आपल्यापुरता बरोबर होता. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रभर कापूस पोखरला, तेव्हा बिल सगळ्यांना मिळून आलं.

कलम ३९

नव्वदच्या दशकात डंकेल प्रस्तावावरून गावोगाव सभा झाल्या. शरद जोशींची शेतकरी संघटना प्रस्तावाच्या बाजूनं होती: बाजार खुला होऊ द्या, तंत्रज्ञान येऊ द्या. कर्नाटकात नंजुंडस्वामींची रयत संघटना कडाडून विरोधात होती. जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर वाणांना काही ना काही कायदेशीर संरक्षण देणं भारताला भाग होतं. प्रश्न होता, संरक्षण फक्त वाण काढणाऱ्याला की पेरणाऱ्यालाही?

२००१ च्या कायद्याच्या नावातच उत्तर आहे: वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्याचं कलम ३९ सांगतं की शेतकरी आपल्या शेतातलं बियाणं राखून ठेवू शकतो, पुन्हा पेरू शकतो, देवाणघेवाण करू शकतो, विकूही शकतो. संरक्षित वाण असला तरी. अट एकच: ब्रँडचं लेबल लावून विकायचं नाही. स्टॉलमन यांची यादी यापासून फार लांब नाही, आणि इथे ती संसदेनं मंजूर केलेली आहे.

नवं तंत्रज्ञान वापरू द्या ही मागणीही संपलेली नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील बियाणं जाहीरपणे पेरलं. नवं घेण्याचं स्वातंत्र्य आणि जुनं राखण्याचं स्वातंत्र्य, दोन्ही शेतकऱ्याला हवी आहेत.

फोनच्या बाबतीत आपण एक लढाई जिंकलो. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकनं रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर महाराष्ट्रासह सहा राज्यांत मोजक्या वेबसाइट फुकट देणारी सेवा आणली. तिचं नाव पुढे ‘फ्री बेसिक्स’ झालं. त्या डिसेंबरमध्ये मार्क झुकरबर्ग यांनी टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहून महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला दिला: त्याला हवामान कळतं, बाजारभाव कळतात, याला विरोध का? पण कुठल्या वेबसाइट फुकट, याची यादी फेसबुकच्या हातात होती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘ट्राय’नं वेबसाइट पाहून वेगळा दर लावण्यावर बंदी घातली. त्याच सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि यादीची गरजच संपली. जिओकडे जाताना अनेकांनी आपला जुना नंबर सोबत नेला. नंबर पोर्ट करण्याचा हा हक्क देशभर जानेवारी २०११ मध्ये मिळालेला होता. तो नसता तर किती जण हलले असते?

नंबर सोबत नेता येतो, मग बाकीचं? फोटो, गप्पा, संपर्क, एखाद्या रिक्षावाल्याची किंवा दुकानदाराची अ‍ॅपवर कमावलेली रेटिंग? न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात स्वतःचा डेटा दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क होता. २०१९ च्या विधेयकातही होता. ऑगस्ट २०२३ मध्ये झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो नाही. माहिती मागता येते, दुरुस्त करता येते, पुसायला सांगता येते. उचलून दुसरीकडे पेरायचा हक्क गळाला. युरोपात तो २०१८ पासून लागू आहे. शेतकऱ्याकडे कलम ३९ आहे. आपल्याकडे त्या जागी काही नाही.

राखणारं कुणी लागतं

कायदा असला तरी घरचं बियाणं आपोआप टिकत नाही. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की बदनापूर लागतं. तिथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. बीडीएन-७११, बीएसएमआर-७३६ हे तुरीचे वाण तिथले. मराठवाड्यात ते लाखो शेतांत पोचले, आणि त्यांचं बी शेतकरी राखून पेरतो. एकाच जिल्ह्यात महिको आणि बदनापूर दोन्ही आहेत, म्हणून निवड नावाची गोष्ट शिल्लक आहे. बदनापूर बंद पडलं, तर कलम ३९ कागदावर राहील; राखण्याजोगं काही येणारच नाही. खुल्या सॉफ्टवेअरचंही तेच. ते कुणीतरी पगारावर किंवा पदरमोड करून सांभाळत असतं, म्हणून आहे.

वापरणाऱ्यालाही कष्ट पडतात. २०२० च्या खरिपात विकतचं सोयाबीन उगवलं नाही अशा तक्रारींचा मराठवाड्यात पाऊस पडला, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर कृषी विभागानं घरच्या बियाण्यावर जोर दिला. त्याची चाचणी सोपी आहे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर पेरा.

फोनसाठीही अशी चाचणी असते. ज्या अ‍ॅपमध्ये तुमचं सगळ्यात जास्त काही साठलेलं आहे, त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘एक्स्पोर्ट’ शोधा. फाइल बाहेर काढा आणि दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडून पाहा. उघडली तर ते अ‍ॅप खुशाल वापरत राहा. ते तुमच्या पसंतीनं आहे. नाही उघडली, तर पुढच्या जूनलाही पाकीट त्याच दुकानातून घ्यावं लागणार, भाव काहीही असो.