पिसदुऱ्याच्या धुऱ्यावर

वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्यात नुकताच पाऊस पडून गेलाय. वखरलेल्या वावरात लालसर मातीतून एक राखाडी दगड वर आलाय. तुम्ही तो उचलता. मुठीएवढा, एका टोकाला निमुळता. हे दगड झालेलं शेण आहे. घट्ट धरा, ते ताजं होतं त्या दिवसापर्यंत जायचंय.

पहिला मुक्काम जवळचाच, १८६०च्या आसपासचा. नागपूरचे स्कॉटिश पाद्री स्टीफन हिस्लॉप याच शिवारातली दगड झालेली हाडं गोळा करताहेत. सृष्टी देवानं घडवली ही त्यांची श्रद्धा. पण म्हणून हाड दिसलं तर ते नजर फिरवत नाहीत. गोंड आदिवासींची, त्यांच्या लिंगो या पूज्य नायकाची कथाही त्यांनी टिपून ठेवलीय. त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६मध्ये ती छापली जाईल. त्या कथेला प्रयोगशाळेत उभं करू नका. आपण कोणाचे, आपलं कूळ कोणतं, हे ती सांगते, आणि ते सांगायचा मान तिचाच.

आता लांबची उडी. सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षं. पायाखालची जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, हिमालय अजून उठायचाय. ना साग, ना मोह. तळ्याकाठच्या ताडांवरून एक लांबलचक मान खाली येते. टायटनोसॉर, अवाढव्य डायनासोर! पाला ओरबाडल्याचा आवाज, पोटातली गडगड, आणि धपकन शेण पडतं. वाफा निघतात. तुम्ही जवळ जाता तर पोटरीला काहीतरी चरचरतं. बघता तर गवताचं पातं.

पण डायनासोरच्या काळात गवत नव्हतं, असंच तर शास्त्रज्ञ मानत होते! डायनासोरच्या चित्रांत चित्रकारही ते काढत नसत.

२००५. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या अशाच दगडांतले कण सूक्ष्मदर्शकाखाली धरलेत. गवताच्या पेशीत साचलेली सिलिका. पातं कुजलं तरी तिचा आकार राहतो, आणि त्यावरून गवताचा गट ओळखता येतो. काही कण तर भाताच्या भाऊबंदांचे. शास्त्रज्ञांचं जुनं मत शास्त्रज्ञांनीच मोडलं.

जानेवारी २०१८, औरंगाबाद. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, डार्विन चुकीचा, अभ्यासक्रम बदला, असं केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणताहेत. देशातल्या तीन विज्ञान अकादमी लवकरच याविरुद्ध संयुक्त निवेदन काढतील. तुमच्या मुठीत दगड आहे. विचारा मंत्र्यांना: ते गवत तरी कोणी पाहिलं होतं? तरी शेणानं पुस्तकं बदलायला लावली. कोणता पुरावा समोर आला तर तुम्ही तुमचं म्हणणं सोडाल, तेवढं सांगा.

मूठ उघडा. पुन्हा पिसदुरा. धुऱ्यावर बैल गवत ओरबाडतोय. हा आवाज तुम्ही मघाशी ऐकलाय.