पलटणीतून वर्तमानपत्रात : हवालदार गोपाळबाबा वलंगकर

भीमा कोरेगावचा विजयस्तंभ आपल्या पोरांना ठाऊक आहे. १ जानेवारी १८१८ ही तारीख झोपेतून उठवून विचारली तरी सांगतील. पण लढाईहून घरी परतलेल्या महार शिपायांनी पुढं काय केलं, असं विचारलं की गप्प बसतात. म्हणून या स्मरणिकेत गोपाळबाबा वलंगकरांविषयी लिहीत आहे.

बाबांचा जन्म १८४० च्या सुमारास, महाडजवळच्या रावढळ गावी महार कुटुंबात झाला. मोठेपणी ते लष्करात गेले. त्या काळी गावच्या शाळेची पायरी आपल्याला बंद होती, परंतु पलटणीची शाळा मात्र सक्तीची होती. शिपायांच्या मुलामुलींनाही तिथं शिकवत. इंग्रजांनी हे काही आपल्या प्रेमापोटी केलं नव्हतं, त्यांना शिकलेला शिपाई हवा होता. पण अक्षरं हाती आली ती आली.

१८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त होऊन बाबा दापोलीत राहिले. दापोली म्हणजे पेन्शनर शिपायांची वस्ती. इथं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेन्शन घेणाऱ्या माणसाला बलुत्याच्या भाकरीसाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. गावकीत राबणाऱ्याने जे लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी चूल बंद पडली असती, ते हा पेन्शनर लिहू शकत होता. आणि त्याने लिहिलं.

महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांनी ते भारले होते. 'दीनबंधु'त ते लेख लिहू लागले. हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलं आणि १८८० पासून मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवलं. लोखंडे म्हणजे आम्हा गिरणी कामगारांचे आद्य पुढारी! १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्याच खटपटीने. आज रविवारी आपण विहारात जमतो, त्या रविवारचा धागा असा बाबांच्या संपादकापर्यंत जातो. आगरकरांच्या 'सुधारक'मध्येही बाबांनी लिहिलं.

१८८८ साली त्यांची 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. वरून पाहिलं तर ते उच्चवर्णीयांना केलेलं विनंतीपत्र, आत मात्र सव्वीस प्रश्न. पुराव्यानिशी उत्तर द्या, विटाळ आला कुठून, असा एकंदर रोख. अस्पृश्याने छापील अक्षरात सवर्णांची अशी उलटतपासणी घ्यावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. 'अनार्य दोष परिहार मंडळी' ही संस्थाही त्यांनी काढली. नाव जिभेला जड आहे, पण आपण या देशाचे मूळ रहिवासी, ही फुल्यांची शिकवण त्या नावातच आहे.

अशात १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. लढाऊ जात आणि बिनलढाऊ जात असा भेद इंग्रजांनी काढला, आणि कोरेगावला लढलेले बिनलढाऊ ठरले! भरती गेली म्हणजे पगार गेला, पेन्शन गेली, शाळाही गेली. पुढच्या पिढीत दुसरा वलंगकर निपजायचा रस्ताच बुजला. म्हणून १८९४ साली बाबांनी सरकारला द्यायचा अर्ज तयार केला. त्यात आपण पूर्वीचे क्षत्रिय, असा दावा होता. अनार्य म्हणवणाऱ्याने क्षत्रियपण सांगावं, हे काही विद्वानांना विसंगत वाटतं. मला तसं वाटत नाही. ज्या दारावर लढाऊ जातीची पाटी लावलेली, तिथं दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलणार? भरती काही तेव्हा उघडली नाही. महार पलटण पुन्हा उभी राहिली ती पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, आणि तीही १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची.

१८९५ साली सरकारने बाबांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमलं. सवर्ण सभासदांना ते रुचलं नाही. महार आमच्या शेजारी बसणार काय, यावरून वर्तमानपत्रांतही वाद झाला. जो माणूस आजवर दुसऱ्यांच्या विटाळावर लिहीत होता, तोच आता बातमीचा विषय झाला.

१९०० साली बाबा वारले. सुभेदार रामजींचे भीमराव तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर माणसं गेली, ती याच महाडात.