मुंबई ते तेल अवीव : हवाई अंतर आणि प्रवासाचा कालावधी

पवित्र भूमीच्या यात्रेस निघणारे भाविक सर्वप्रथम विचारतात, "विमानाला किती तास लागतात?" या प्रश्नाचे उत्तर केवळ किलोमीटरवर अवलंबून नाही.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून तेल अवीवच्या बेन गुरियन विमानतळापर्यंतचे सर्वात जवळचे हवाई अंतर सुमारे ४,०५० किलोमीटर आहे. (बेन गुरियन लोद गावालगत आहे. पेत्राने ऐनेयास बरे केले ते हेच लोद.) ही रेषा अरबी समुद्र, इराणचे आखात, सौदी अरेबिया व जॉर्डन अशी जाते. ताशी ८५० किलोमीटर वेग धरला, चढणे-उतरणे आणि पश्चिमेकडे जाताना समोरून येणारा वारा जमेस धरला, तर साडेपाच तास पुरेसे व्हावेत.

परंतु अनेक वर्षे इस्रायली विमानांना अरबस्तानावरील आकाश बंद होते. मुंबईचे एल अलचे विमान तांबड्या समुद्रावरून दक्षिणेस उतरून एडनच्या आखातामार्गे येई. हा मार्ग सुमारे ५,६०० किलोमीटरचा. त्यास साडेसात ते आठ तास लागत. दीड हजार किलोमीटरचा हा फेरा भूगोलाने नव्हे, राजकारणाने लादलेला होता, आणि त्याच्या इंधनाचा भार अखेर तिकिटावरच पडणार.

२२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे दिल्लीहून निघालेले विमान प्रथमच सौदी आकाशातून तेल अवीवला उतरले. दिल्लीपासूनही तेल अवीव जवळजवळ तेवढेच दूर आहे. तरी विमानाला सुमारे साडेसात तास लागले, कारण तेही सरळ रेषेत गेले नव्हते. पुढे जुलै २०२२ मध्ये सौदी अरेबियाने व फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमानने आपले आकाश सर्व विमान कंपन्यांस खुले केले. ओमानच्या संमतीवाचून सौदीची संमती पूर्वेकडे जाणाऱ्या इस्रायली विमानांस फारशी उपयोगाची नव्हती. युद्धकाळात मात्र उड्डाणे रद्द होतात व मार्ग बदलतात. म्हणून तिकीट काढताना चालू स्थिती विचारून घ्यावी.

थेट विमान न मिळाल्यास हिशेब बदलतो. अदिस अबाबामार्गे गेल्यास हवाई अंतरच सुमारे ६,४०० किलोमीटर भरते, शिवाय मधल्या विमानतळावरील ताटकळणे वेगळे.

तिकिटावरील वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. इस्रायलचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास व उन्हाळ्यात अडीच तास मागे असते. हिवाळ्यात सकाळी सहाला निघून साडेपाच तास उडालेले विमान तेथे आठ वाजता उतरेल. परतीच्या वेळी हेच तास वाढलेले दिसतात. पाठचा वारा मात्र प्रत्यक्ष उड्डाण थोडे कमी करतो.

काही यात्रागट अम्मानला उतरून यार्देन नदीवरील पुलाने यरुशलेमला जातात. पोप सहावे पॉल हेही जानेवारी १९६४ मध्ये अम्मानलाच उतरून मोटारीने यरुशलेमला गेले होते. अम्मान ते यरुशलेम हे सरळ अंतर जेमतेम ७० किलोमीटर. पण सीमेवरील तपासणीत कित्येक तास जातात, म्हणून वृद्धांनी औषधे व पाणी हातातील पिशवीतच ठेवावे.