बार्तीमी सदनाचा धडा

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी उरुळी, यवत मागे टाकून केडगावच्या स्थानकात थांबते. भीमेच्या खोऱ्यातील हा प्रदेश पूर्वी कोरडा आणि दुष्काळाला नेहमीचा. या स्थानकापासून जवळच पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंच्या विद्वत्तेविषयी, त्यांच्या धर्मांतराविषयी आणि विधवांसाठी केलेल्या कार्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या कॅथलिक नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला तो अँग्लिकन पंथात. तथापि महाराष्ट्रातील कोणत्याही ख्रिस्ती कुटुंबाला त्या परक्या वाटत नाहीत. त्यांच्या कार्याच्या एका बाजूकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही. रोजच्या वापरातील वस्तू आणि साधने सर्व प्रकारच्या माणसांना वापरता यावीत अशी घडवावीत, हा विचार आज जगभर मांडला जातो. त्याची सुरुवात आपल्या दौंड तालुक्यात शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी झाली होती.

या कथेचा आरंभ रमाबाईंच्या स्वतःच्या कानांपासून करावा लागेल. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री डॉक्टरांची गरज आग्रहाने मांडली होती. दवाखाना आहे, औषध आहे, डॉक्टरही आहे. परंतु परपुरुषापुढे आपले दुखणे सांगण्यापेक्षा मरण पत्करणारी स्त्री त्या दवाखान्याची पायरी चढतच नाही. मग तो दवाखाना तिच्यासाठी असून नसल्यासारखाच नव्हे काय? पुढच्याच वर्षी त्या स्वतः वैद्यक शिकण्याच्या हेतूने इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. संस्कृतची ही प्रकांड पंडिता एका शारीरिक उणिवेपायी दाराबाहेर राहिली. हा अनुभव त्या विसरल्या असतील असे त्यांच्या पुढील कार्याकडे पाहून वाटत नाही.

१८८९ साली मुंबईत त्यांनी शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या व तेथून अनाथ मुली आणि विधवा घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. मोठ्या संख्येने मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगावला विकत घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. १८९८ साली मुक्तीसदन रीतसर सुरू झाले. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर गुजरातेतूनही मुली आल्या आणि आश्रमातील संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

या मुली एकसारख्या नव्हत्या. कोणी मराठी बोले, कोणी हिंदी, कोणी गुजराती. बहुतेक निरक्षर होत्या. काही वृद्ध होत्या, काही आजारी. दुष्काळाने आणि रोगाने काहींची दृष्टी हिरावून घेतली होती. अशा आश्रमात 'हे आमचे नियम, ही आमची पुस्तके. ज्यांना जमेल त्यांनी शिकावे' असे म्हणणे सोपे होते. रमाबाईंनी उलटा मार्ग धरला. समोर कोण आहे हे पाहून त्यांनी काम ठरविले. शेती, गोठा, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना असे नाना उद्योग सुरू झाले. जिला जे करता येईल ते तिला मिळावे, हा त्यांमागील विचार होता. अमेरिकेत त्यांनी फ्रेबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला होता. वस्तू हाताळून, मोजून, रचून शिकावयाची ती पद्धत पाठांतराला न सरावलेल्या मुलींना सोयीची ठरली.

अंध मुलींसाठी जे घर झाले त्याचे नाव बार्तीमी सदन. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील यरीहोच्या वाटेवर भीक मागणारा आंधळा बार्तीमय आपणा सर्वांना ठाऊक आहे. लोक त्याला गप्प करू पाहत होते, पण प्रभू थांबले. त्यांनी त्याला जवळ बोलावले आणि मी तुझ्यासाठी काय करावे असे विचारले. आंधळ्या माणसाला काय हवे हे उघड असताना प्रभूंनी ते का विचारावे? प्रवचनांतून या प्रश्नाची अनेक उत्तरे आपण ऐकली असतील. त्यांतील एक असे की, ज्याचे दुःख आहे त्याच्याच मुखाने ते ऐकावयाचे. त्याच्या वतीने आपण परस्पर ठरवावयाचे नाही.

बार्तीमी सदनात मुली वेताच्या टोपल्या आणि खुर्च्या विणीत, आणि वाचावयासही शिकत. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी अंधांची ब्रेल लिपी शिकून घेतली होती व ती त्यांनी या मुलींना शिकविली. ज्या काळी डोळस मुलीला अक्षर शिकविणे हेच अनेकांना पाप वाटे, त्या काळी अंध मुलगी बोटांनी पुस्तक वाचू लागली, ही गोष्ट सामान्य नव्हे.

या लिपीचा इतिहासही आपल्या विषयाशी निगडित आहे. लुई ब्रेल १८०९ साली फ्रान्समधील कूव्हरे या खेड्यात एका कॅथलिक खोगीरकाराच्या घरी जन्मले. तीन वर्षांचे असताना वडिलांच्या कारखान्यातील आरीने त्यांच्या डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. पॅरिसच्या अंधशाळेत त्यांना जी पुस्तके मिळाली त्यांत नेहमीचीच रोमन अक्षरे कागदावर उठावदार केलेली होती. व्हॅलेन्तिन आयुई या थोर गृहस्थाने ती सद्हेतूने तयार केली होती; परंतु ती अक्षरे डोळ्यांसाठी जन्मलेली होती. बोटांना ती चाचपडत ओळखावी लागत, आणि त्यांत लिहिणे तर अंधांच्या हाती नव्हतेच. शार्ल बार्बिये यांनी बारा टिंबांची एक पद्धत आणली. ती बोटाच्या टोकाखाली मावत नसे. ब्रेल यांनी १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची लिपी सिद्ध केली. सहा टिंबे एका स्पर्शात कळतात. ती उमटविण्याचे साधन म्हणजे एक टोचणी, ज्या आरीने त्यांची दृष्टी नेली तिच्याच जातीची. तरीही डोळस शिक्षकांना ही लिपी वाचता येत नसल्यामुळे तिला विरोध झाला. शाळेने तिचा अधिकृत स्वीकार १८५४ साली केला, ब्रेल यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. ते पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत आणि अखेरपर्यंत श्रद्धावान राहिले.

मराठीला ही लिपी बसविणे सोपे नव्हते. आपल्या लिपीत काना पुढे, मात्रा वर, उकार खाली आणि पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी येते. बोटाला वर-खाली जाता येत नाही. त्याला एका रेषेत पुढे सरकावे लागते. भारतीय भाषांसाठी निरनिराळे लोक निरनिराळ्या पद्धती वापरीत. १९५१ साली त्यांचे एकीकरण होऊन भारती ब्रेल रूढ झाली. तीत 'कि' लिहिताना आधी 'क' आणि मग 'इ' येते, म्हणजे आपण उच्चारतो त्याच क्रमाने. त्याआधी १९०० साली, दुष्काळानंतरच, मुंबईत अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड यांनी अंधांची शाळा काढली होती. केडगावची धडपड ही त्याच काळची.

रमाबाईंनी हाच न्याय भाषेलाही लावला. बायबलचे मराठी भाषांतर उपलब्ध होते. पण त्यातील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातून आलेल्या, नुकत्याच अक्षर शिकलेल्या बाईच्या गळी उतरत नसत. म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला, हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले, आणि संपूर्ण बायबल साध्या मराठीत उतरविण्याचे काम हाती घेतले. ज्या स्त्रीने बालपणी हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत केले होते तिने आपली विद्वत्ता बाजूस ठेवून बायकांची बोली जवळ केली. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी करणे ही कामे आश्रमातील स्त्रियांनीच केली. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. रमाबाईंनी भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला देह ठेवला. ग्रंथ १९२४ साली पूर्ण छापून निघाला. तो सर्वत्र रूढ झाला नाही हे खरे. परंतु पुस्तक वाचकाकडे चालत गेले पाहिजे, ही त्यामागील दृष्टी जुनी झालेली नाही.

आम्हा कॅथलिकांना ही दृष्टी अपरिचित नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातील नवख्रिस्ती लोकांची गरज ओळखून त्यांच्या परिचयाच्या पुराणाच्या घाटात, मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. देवनागरी खिळे नव्हते म्हणून ते रोमन लिपीत छापावे लागले. पण भाषा लोकांचीच राहिली. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. मिस्सा मराठीत ऐकताना आपल्या आजी-आजोबांना काय वाटले असेल ते त्यांनीच सांगावे.

रमाबाईंनी केडगावात जे केले त्याला आज नाव मिळाले आहे. अमेरिकेतील रोनाल्ड मेस या वास्तुरचनाकारांनी 'सर्वांसाठी रचना' ही कल्पना १९८० नंतरच्या दशकात मांडली. ते स्वतः बालपणीच्या पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीत असत. भारतात त्याआधीच जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबरी पाय तयार केला होता. विदेशी कृत्रिम पाय बूट घालणाऱ्या आणि खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी होता. आपला शेतकरी अनवाणी चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो. त्याच्या या चालीरीती पाहून जयपूरचा पाय घडला. १९९६ पासून आपल्या नोटांवर अंधांसाठी उठावदार खुणा आल्या: शंभराच्या नोटेवर त्रिकोण, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ. हातोहाती फिरून त्या झिजतात हा दोष उरतोच. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात तर सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंच्या उत्पादनाला शासनाने उत्तेजन द्यावे असे स्पष्ट म्हटले आहे.

दौंडच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, पुणे-नगर रस्त्यावरील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आज घरगुती विद्युत उपकरणे आणि वाहने तयार होतात. पूर्वीच्या यंत्रांना फिरवावयाची खुंटी आणि दाबावयाचे बटन असे. हाताला ते कळे. आता सगळीकडे गुळगुळीत काच आली आहे. दृष्टी अधू झालेली आजी कपडे धुण्याच्या नव्या यंत्रापुढे उभी राहते आणि सुनेला हाक मारते. यंत्र सुंदर आहे, महाग आहे, आणि तिच्यासाठी मुके आहे. त्या काचेवर चार उंचवटे ठेवावयास फारसा खर्च येत नाही. ती वस्तू घडताना अशा एखाद्या आजीला कोणी विचारले नाही, एवढेच. आणि हे उंचवटे केवळ अंधांच्या कामी येतील असेही नव्हे. वीज गेलेल्या घरात, ओल्या हातांनी, घाईत असलेल्या प्रत्येकालाच त्यांचा उपयोग आहे.

दुसऱ्यांच्या कारखान्यांकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या मंदिराच्या पायऱ्याही मोजल्या पाहिजेत. किती धर्मग्रामांत चाकांची खुर्ची वेदीपर्यंत जाऊ शकते? गुडघे दुखणारे वृद्ध बाहेर मांडवात बसूनच मिस्सा ऐकतात ना? कमी ऐकू येणाऱ्याला प्रवचन कळते का? गीतांचे पुस्तक मोठ्या अक्षरांत मिळते का? कफर्णहूमात पक्षाघाती मित्राला प्रभूंपाशी नेण्यासाठी चौघांनी घराचे छप्पर उघडले. मित्राने बरे होऊन चालत यावे, अशी अट त्यांनी घातली नव्हती.

आपणाला छप्पर उघडावे लागणार नाही. एक उतार बांधला तरी पुष्कळ होईल. परंतु तो बांधण्यापूर्वी ज्याला त्यावरून यावयाचे आहे त्याच्या घरी धर्मग्राम समितीने जावे, त्याच्याजवळ बसावे आणि त्याला काय हवे ते विचारावे. केडगावच्या अंध मुलींच्या घराला रमाबाईंनी जे नाव दिले, त्यात हेच सांगितले आहे.